आधी जुंपून पाहा

यंत्रं बोलत आणि माणसं त्यांचं ऐकून घेत, त्या काळातली ही गोष्ट. रेवूबाई ढगे यांच्या झेरॉक्सच्या दुकानातल्या कॉम्प्युटरची जुनी सिस्टीम एका सकाळी बसली ती बसलीच. दुसऱ्या दिवशी दहावीची परीक्षा, आणि साठ पोरांची हॉलतिकिटं छापायची राहिलेली! बाईंनी धावत जाऊन लिनक्स या फुकट मिळणाऱ्या सिस्टीमचे तीन वेगवेगळ्या प्रकारांचे पेनड्राइव्ह आणले.

पहिला ओरडला, "मी सगळ्यात वेगवान! चटकन टाका मला कॉम्प्युटरमध्ये, कायमचा!"

बाई बैलबाजारात वाढलेल्या. त्या म्हणाल्या, "थांब रे! आमचे आबा नवा बैल आधी घरच्या बैलाशेजारी जुंपून चार पावलं चालवायचे, मगच सौदा करायचे. तूही आधी पेनड्राइव्हमधूनच चालून दाखव. घरचा बैल हा!" आणि त्यांनी म्हाताऱ्या प्रिंटरवर थाप मारली.

पहिला सुसाट सुटला, पण प्रिंटर जागचा हलला नाही.

दुसरा म्हणाला, "माझ्या दोनशे आज्ञा पाठ करा. नाहीतर हा म्हातारा भंगारात द्या."

प्रिंटरचा दिवा भीतीने लुकलुकला.

तिसरा आत आला आणि आधी प्रिंटरकडे वळला. "आजोबा, तुमचं नाव काय?"

प्रिंटरने चाचरत नाव सांगितलं.

"अहो, तुम्हाला तर मी ओळखतो! काढू या एक पान?"

खर्रर्र! पान बाहेर! बाईंनी टाळीच वाजवली.

"पण वेगवान मीच आहे!" पहिला फणकारला.

गरम पान हातात घेत बाई म्हणाल्या, "असशील बाबा. पण शेत काही तू एकटा नांगरणार नाहीस."