जातो म्हणणारे आचार्य

एकदा एक कापडव्यापारी मनोविद्येच्या आचार्यांकडे धापा टाकीत आला. "आचार्य, आई पंधरा दिवस धड जेवत नाही. वैद्य म्हणतात, देह ठीक आहे, दुखणं मनाचं आहे. विचारावं तर ती बोलत नाही." आचार्यांनी आपल्या शिष्याला पाठवले. शिष्य हुरळून गेला. जिवंत माणसाची जबाबदारी त्याच्यावर पहिल्यांदाच पडत होती.

मन कसे अभ्यासावे याविषयीची तिन्ही मते त्याला तोंडपाठ होती. जुने म्हणत, माणसालाच आपल्या मनात डोकावून सांगू द्या. नंतरचे म्हणत, बोलण्यावर जाऊ नका, वागणे पाहा. हल्लीचे म्हणत, देहात काय घडते ते मोजा.

पहिल्या दिवशी त्याने व्यापाऱ्याच्या आईला, म्हणजे आजींना, मनात डोकावायला सांगितले. "काय असायचं बाळा मनात? माणसं जातात, आपण बघत राहायचं," त्या म्हणाल्या. आचार्यांच्या घरी परतून शिष्याने ते कागदावर टिपले. दुसऱ्या दिवशी त्याने तो कागद भोंगळ म्हणून फेकला आणि तो नुसता पाहत बसला. पाहुणा उठला की आजी दारापर्यंत जात आणि त्याच्या तोंडाकडे पाहत राहत. तिसऱ्या दिवशी त्याने नाडी धरली. कुणी पायात वहाणा सरकवल्या की ती धावू लागे. "मोजलं तेच खरं!" म्हणत त्याने दुसराही कागद चुरगाळला. पण आजींचे ताट तसेच परत गेले आणि शिष्य रडकुंडीला आला.

आचार्यांनी ते फेकलेले कागद उचलले, तिसऱ्याशेजारी ठेवून वाचले आणि चौथ्या दिवशी शिष्याला घेऊन स्वतःच आजींकडे गेले. पोटभर जेवले, गप्पा मारल्या. मग उठून मोठ्याने म्हणाले, "बरं, जातो मी."

शिष्य शरमला. निघताना 'येतो' म्हणावे, हे शेंबड्या पोरालाही कळते!

आजी ताडकन उठल्या. "जातो काय म्हणता? एवढे शिकलेले तुम्ही! येतो म्हणा, येतो!" आणि त्यांना रडूच कोसळले. नात सगुणा सासरी निघाली, तेव्हा लोणच्याची बरणी नेण्यावरून दोघींचे वाजले होते. "'जाते मी!' म्हणाली हो रागानं. तिला काही झालं तर? घास उतरत नाही."

"मग सांगायचं नाही का, आई?" व्यापारी कळवळला.

"असलं अभद्र पुन्हा तोंडानं काढू?"

"चुकलो, आजी. येतो," आचार्यांनी हात जोडले.

वाटेत ते शिष्याला म्हणाले, "पहिल्या कागदानं मला 'जाणं' सांगितलं, दुसऱ्यानं दार दाखवलं, तिसऱ्यानं नेमका क्षण. तिन्ही मिळून शंका आली, ती मी बोलून पडताळली. नवी पद्धत मिळाली म्हणून जुनी खोटी होत नाही, बाबा. तुला आजींचं मन हवं होतं, की एक जिंकणारं मत?"

शिष्याने मान खाली घातली, पण त्याला हसूही येत होते.

व्यापाऱ्याने लगोलग गाडी धाडली. सगुणा आली. "मी असं म्हणाले?" तिला आठवतही नव्हते! आजींनी तिला तासभर यथेच्छ झापले, मग तिच्याच हातून घास घेतला आणि वर आणखी भाकरी मागितली. शिष्याला इतका आनंद झाला की त्याने स्वतःच उठून त्यांना वाढले.

आपले मत कोणतेही असो, समोरचा माणूस जेवू लागला की समजावे, आपल्याला काहीतरी कळले.