यंत्राची गुणगुण

"आणि ती गुणगुण कुठे गेली?" नरहरबुवांनी विचारलं.

सलीलला हाच प्रश्न हवा होता. पुण्याहून कुरुंदवाडपर्यंत एसटीत मांडीवर यंत्राचं खोकं धरून तो याच प्रश्नाची वाट बघत आला होता.

"गेली, बुवा. समूळ गेली. आता कान लावलात तरी ऐकू यायची नाही."

बुवांनी खरंच कान लावला. पार टेबलापर्यंत वाकले, डोळे मिटले...

मग सरळ होऊन खुर्चीत टेकले. बोलले काहीच नाहीत.

सलीलने ती शांतता आपल्या खात्यावर जमा करून टाकली. कौतुक करताना म्हातारी माणसं गप्प होतात, असा त्याचा समज होता.

टेबलावरचं ते यंत्र म्हणजे जुन्या काळातला घरगुती कॉम्प्युटर. जाडजूड कीबोर्ड, त्याच्याच पोटात सगळा कारभार. बघायला घरचा टीव्ही जोडायचा आणि लिहिलेलं साठवायला गाण्यांची असते तीच कॅसेट. बुवांचा पुतण्या परदेशी जाताना ते त्यांच्याकडे टाकून गेला होता. दुसरं कोणी असतं, तर त्याने त्यावर फडकं घालून माळा दाखवला असता. बुवांनी आयुष्यभर पोरांना गाणं शिकवलं होतं, त्यांनी यंत्रालाही शिकवायला घेतलं.

एका सुराचा आकडा टाइप करायचा, ऐकायचा, पटला नाही की खोडायचा. यंत्राला एका वेळी तीनच सूर काढता येत. तेवढ्यात बुवांनी असा मारवा बांधला होता की ऐकणारा आपण कुठे बसलोय ते विसरे.

सलीलने तो मारवा पहिल्यांदा ऐकला तेव्हा त्याला रडू आलं होतं. ही गोष्ट त्याने कोणाला सांगितली नव्हती. एरवी तो स्वतःविषयी बरंच सांगे. जुनी यंत्रं दुरुस्त करण्यात त्याचा हातखंडा होता, त्यांच्यावर तो स्वतःच्या चाली बांधायचा आणि त्या ऐकणारी माणसं देशोदेशी होती.

बुवांनी आपली ही विद्या शिकवावी म्हणून त्याने पूर्वी विचारून पाहिलं होतं. बुवा हवापाण्यावर बोलत राहिले. या खेपेला मात्र ते आपणहून म्हणाले होते, "दोन कळा दबत नाहीत. तेवढ्या बघ. मग बोलू."

सलीलने ते 'मग बोलू' मनाशी घट्ट धरलं. ही परीक्षा आहे, हे त्याने ताडलं. आणि परीक्षा म्हटली की काही मुलं विचारलेलं सोडून पुरवण्या जोडतात, त्यातला तो होता.

कळा अर्ध्या तासात झाल्या. मग त्याने पोट उघडलं. वीज पुरवणाऱ्या भागातले कपॅसिटर फुगून आले होते. यंत्र सुरू केलं की येणारा तो 'घूं' आवाज त्यांचाच. सलीलने ते सगळे उपटून नवे बसवले. हेडफोन लावून तो दिवसच्या दिवस त्या आवाजाच्या मागे लागला होता. शेवटी तो आवाज पूर्ण थांबला तेव्हा त्याने टेबलावर थाप मारली.

एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण बुवांचा मारवा त्याने फोनवरच्या सूर मोजणाऱ्या ट्यूनरला ऐकवला, आणि षड्ज हार्मोनियमच्या पांढरी पाचच्या थोडा वर चढलेला निघाला. थोडाच, पण सगळीकडे सारखा. बुवांचं वय झालं, कान दगा देणारच, असं मनात म्हणून त्याने एकेक आकडा बदलला आणि सगळा मारवा हार्मोनियमच्या पट्टीवर आणून बसवला. नव्या कॅसेटवर उतरवला. जुनी कॅसेट तेवढी जपून ठेवली, आठवण म्हणून.

हे सगळं त्याने आता बुवांना समजावून सांगितलं. बुवा ऐकत होते. कपॅसिटरचं आलं तेव्हा म्हणाले, ते बरं केलंस, एखाद्या दिवशी पेटलं असतं.

"वाजव," ते म्हणाले.

सलीलने नवी कॅसेट घातली. यंत्राने कर्कश आवाज करत ती वाचून घेतली, आणि मारवा सुरू झाला.

सलील बुवांच्या तोंडाकडे बघत होता. मग हळूहळू त्याचं लक्ष तिथून सुटलं. सूर स्वच्छ होते, एकही हललेला नव्हता. ते एकामागून एक येत होते आणि जात होते, स्टँडवर उतरणाऱ्या अनोळखी माणसांसारखे. कोणाचं कोणाशी काही नातं नव्हतं. इतके दिवस त्याने ही चाल आकड्यांत वाचली होती, पट्ट्यांवर तपासली होती, पण दुरुस्तीनंतर अशी बसून ऐकली आजच.

चाल संपली तशी आतून बुवांच्या सूनबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"मामंजी, वीज गेली का हो?"

मग त्यांना चालू टीव्ही दिसला. त्या जरा ओशाळल्या.

"नाही, म्हटलं, संध्याकाळी तुम्ही बसलात की ते घुमतं ना घरात... आज एकदम सुनं वाटलं." आणि त्या चहाचं बघायला परत गेल्या.

सलीलने बोटांवर मोजलं.

तीन सूर. तिन्ही चालीत गुंतलेले. चौथा मोकळा सूर यंत्राकडे नव्हताच, मग तंबोरा कोण धरत होतं? बुवांच्या एकाही चालीत षड्ज लावून ठेवलेला नाही, हे त्याच्या लक्षात आलं होतं. म्हातारा विसरला असेल, असं समजून पुढे कधीतरी सुचवायचंही त्याने ठरवलं होतं.

"बुवा," तो म्हणाला, "तुम्ही त्या आवाजावर लावला होता षड्ज..."

"पहिल्या दिवसापासून तो एकच सूर धरून बसलं होतं ते," बुवा म्हणाले. "आपण त्याचा मान ठेवायचा."

सलीलला तोंड कुठे लपवावं कळेना. जुने भाग परत बसवतो, असं तो म्हणाला, आणि म्हणतानाच त्याला आठवलं की ते त्याने कचऱ्यात टाकले होते. जुनी कॅसेट होती, आकडे होते. तो आवाज मात्र आता जगात कुठेच नव्हता. एका माणसाचा तंबोरा आपण हाताने मोडला आणि वर शाबासकी मागायला आलो, हे त्याला लख्ख दिसलं आणि फार वाईट वाटलं.

मग त्याने घाईघाईने फोन काढला. यात तंबोरा आहे, हव्या त्या पट्टीत लावता येतो, आत्ता लावून देतो...

बुवांनी फोन हातात घेतला, उलटसुलट बघितला आणि देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात ठेवून दिला.

"सूर काढून टाकला कोणी?"

"मी."

"मग तूच दे."

सलीलला आधी कळलंच नाही. सूर आपल्या गळ्याने द्यायचाय हे कळलं तेव्हा घाबरून त्याने खोकं ओढलं आणि आपलं सामान भरायला लागला. माझी चूक झाली बुवा, मी निघतो, असं काहीतरी तो पुटपुटत होता.

"खोकं राहू दे," बुवा म्हणाले. "मांडी घाल. जुनी कॅसेट लाव."

त्याने जुनी कॅसेट लावली. खाली बसला आणि षड्ज दिला. सवयीने पांढरी पाच लागली.

बुवांनी मान हलवली. नाही.

त्याने जरा चढवून पाहिलं. फारच चढला. बुवांनी तळहात खाली दाबला. सलील थांबला. तो सूर त्याने कोणाहीपेक्षा जास्त ऐकला होता, पण घालवण्यासाठी. त्याने डोळे मिटले. पुण्यातलं टेबल आठवलं, कानावरचे हेडफोन आठवले, आणि रात्रंदिवस डोकं उठवणारा तो हट्टी 'घूं' आठवला. कुठे होता तो? पांढरी पाचच्या वर, पण काळी चारच्या बराच खाली, जिथे हार्मोनियमला पट्टीच नसते तिथे...

तो सूर त्याच्या गळ्यातून आला.

बुवांनी हात पुढे करून कळ दाबली. दबत नव्हती त्यांतलीच ती एक होती, आता छान दबली.

मारवा सुरू झाला. या खेपेला सूर घरी आले. ऋषभ सलीलच्या आवाजाला येऊन टेकला आणि त्याच्या अंगावर काटा आला. त्याला हसावंसं वाटलं, पण तोंड मोकळं नव्हतं.

मग श्वास संपला.

षड्ज तुटला तशी चाल पुन्हा उघडी पडली. त्याने घाईने श्वास घेतला आणि सूर पुन्हा धरला. पुन्हा संपला, पुन्हा धरला. सूनबाईंनी चहा आणून त्याच्यासमोर ठेवला. त्यावर साय धरली तरी त्याला पिता आला नाही. चाल संपली की बुवा पहिल्यापासून लावत होते. त्याचा घसा कोरडा पडला, पाठ भरून आली.

शेवटी न राहवून एका श्वासाच्या फटीत त्याने विचारलं,

"बुवा... किती वेळ धरायचा?"

बुवांनी टीव्हीवरची नजर काढली नाही. यंत्राच्या पाठीवर त्यांनी हलकेच हात ठेवला.

"यानं मला हे कधी विचारलं नाही."