वाणोळ्याचं उत्पन्न

फार पूर्वी, एका सकाळी, जांभळाखालच्या सामायिक कोठारापाशी हे घडलं. ज्याची ढोली रिकामी, त्याला तिथून रोज ओंजळभर दाणे मिळत. पायाने अधू झालेली झिपरी खार त्यावरच जगायची. पण मुंगूस कारभाऱ्याने पावसाळाभर तिचा वाटा बंद ठेवला होता, आणि आजही त्याने नकारार्थी मान हलवली.

"तुझी भाची करवंटी भरून शेंगा आणते. म्हणजे तुला उत्पन्न आहे."

"अरे मेल्या, तो वाणोळा!" झिपरी कडाडली. "मावशीकडे भाची रिकाम्या हाताने येईल होय?"

"घरात आलं ते उत्पन्न."

"बरं. मीही तिची करवंटी रिकामी परत पाठवत नाही. त्यातल्याच चार शेंगा तिच्या पोरांसाठी ठेवते. मग तिलाही उत्पन्न झालं?"

"झालंच!" मुंगूस ठसक्यात म्हणाला.

रांगेतलं म्हातारं कासव खो-खो हसलं. "म्हणजे त्याच चार शेंगा इकडून तिकडे फिरल्या, की दोन्ही घरं श्रीमंत! मग कारभारी, पेरायचं तरी कशाला?"

सगळी रांग हसली. मुंगूस वरमला आणि त्याने गुपचूप ओंजळ भरून दिली. संध्याकाळी भाचीची करवंटी परत गेली ती दाण्यांनी भरून. झिपरी तृप्त होऊन शेपटीवर डोकं टेकून झोपली.

तिचा पावसाळाभराचा वाटा दुसऱ्या कोणालाही दिलेला नव्हता. तो कोठारातही नव्हता.