जुन्या पंपाचा थेंब

गाडीचे भाग आपापसांत बोलत, त्या काळची गोष्ट. दिगंबरने अंगणातच गाडीचा झिजलेला टायमिंग बेल्ट काढला. त्याच बेल्टवर चालणारा, इंजिन थंड ठेवणारा पाण्याचा पंप हाताने फिरवून तो बहिणीला, शालनला म्हणाला, "हा चांगला फिरतोय. राहू दे."

पंप मनातून सुखावला. आपण आतून गळतोय, हे त्याच्याशिवाय फक्त जुन्या बेल्टला ठाऊक होतं.

खाली पडलेला तो बेल्ट म्हणाला, "असाच गळत राहून उद्या तू अडकलास, तर नवा बेल्ट तुटेल आणि अख्खं इंजिन बसेल. बघ बाबा!"

पंपाला जागा सोडवेना. पण इंजिन त्याचं जिवाभावाचं. त्याने आत दाबून धरलेला थेंब सोडून दिला. तो थेट दिगंबरच्या मनगटावर पडला.

"दादा, पंप गळतोय! आत्ताच बदल, पुन्हा कोण एवढं उघडत बसणार?" शालन म्हणाली.

नवा पंप बसला, नवा बेल्ट चढला. बेल्टच्या खुणा जुळवून दिगंबरने आधी इंजिन हाताने फिरवलं, मग चावी दिली. गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली. शालनने टाळ्या पिटल्या.

"आपल्याला मात्र भंगारात टाकलं रे," बादलीतला जुना बेल्ट कुरकुरला.

"गप्प बस जरा," पंप म्हणाला, "ऐकू दे. कसलं झकास चाललंय आपलं इंजिन!"