बोटभर तार

बाजार समितीचे सभापती तात्यासाहेब खर्डेकर फोनवर बोलत बोलतच जीप चालवत पोतदार सोनारांच्या दारात आले. मागे सून वैदेही, तिच्या मांडीवर नातू. त्याचे कान टोचायचे होते.

"तात्या, बाळ गाडीत असताना तरी फोन नको," सोनाराची लेक मृणाल म्हणाली. वडिलांचे हात थरथरू लागल्यापासून कान तीच टोचायची.

"चार बुकं शिकलीस म्हणून मला शिकवतेस? तीस वर्षं चालवतोय. हात आपलं काम करतो, तोंड आपलं!"

मृणालने बाळाच्या कानाची पाळी धरली, सोन्याची टोकदार तार उचलली आणि फोन खांद्याने कानाशी दाबून मैत्रिणीशी गप्पा सुरू केल्या.

"ए पोरी!" तात्या ओरडले. "फोन ठेव आधी! लेकराला भलतीकडे लागलं म्हणजे?"

"हात आपलं काम करतोय की! आणि ही तार बोटभर आहे, तात्या. तुमची जीप केवढी?"

मृणालने फोन बाजूला ठेवला आणि दोन्ही कान झटक्यात टोचले.

निघताना तात्यांचा फोन वाजला. त्यांनी रडून दमलेल्या नातवाकडे पाहिलं आणि किल्ली सुनेपुढे धरली. "लायसन काढून तीन वर्षं झाली ना तुला? चालव. बाळाला मी घेतो."

"घ्या मामंजी," वैदेही किल्ली घेत म्हणाली, "पण दोन्ही हातांनी. फोन वाजू द्या."