कावळिणीचा आडोसा

कावळे अब्रूला जपत, त्या काळची गोष्ट. शेवग्यावरच्या एका कावळिणीला समोरच्या साळुंकीचा फार जाच वाटे. घरट्यात चपातीचा तुकडा आला, की साळुंकी तिकडून विचारायची, "आज शिळीच वाटतं, वहिनी?"

"आडोसा हवा, तोही शोभिवंत," कावळीण नवऱ्याला म्हणाली आणि तिने शेवग्याभोवती सोनचाफ्याच्या बिया पेरल्या. काही वर्षांत बारमाही हिरवी भिंत उभी राहिली, तिच्यावर पिवळी फुलं. साळुंकीला पानांपलीकडचं काही दिसेना. कावळीण मान ताठ करून फिरू लागली. कोकिळेने तर झाडांचं तोंडभरून कौतुक केलं आणि वास घ्यायच्या निमित्ताने ती दोनदा येऊनही गेली.

त्या उन्हाळ्यात कावळिणीने वाढवलेली दोन्ही पिल्लं गोड गळ्याने गात उडून गेली. तिचं स्वतःचं एकही उरलं नव्हतं. ती तणतणत साळुंकीकडे गेली. "दरवर्षी ती मेली जवळ आली, की ओरडून रान गोळा करायचीस. यंदा तोंड शिवलं होतं का तुझं?"

साळुंकी चोच पुसत म्हणाली, "आमच्या बाजूने फुलं फार छान दिसतात हो, वहिनी. दुसरं काही दिसतच नाही."