दीड फेरा सैल

एका गावात एक भोळा भाचा होता, गुणवंत. सांगितलेलं कधी विसरायचा नाही, एवढाच काय तो त्याचा दोष.

त्याला मामाची इंदू बायको म्हणून हवी होती. मामाकडं साठ वर्षांची जुनी फटफटी होती, चार वर्षं बंद. मामा म्हणाला, "हिचा कार्बोरेटर खोल, धू, गाडी चालू कर. पोरगी तुझी." पोरगीला काय वाटतं, हे विचारायची मामाला सवय नव्हती.

गुणवंतानं कार्बोरेटर खोलला. आतलं जेट, म्हणजे पेट्रोल यायचं बारीक भोक, कचऱ्यानं बुजलेलं. त्यानं भोकात दाभण घातलं. भोक दुप्पट झालं.

"अरे गाढवा! भोकात काही खुपसायचं नसतं. फुंकर मारायची!"

"बरं मामा."

नवं जेट बसवलं. मग टाकीत पेट्रोल भरायचं होतं. गुणवंतानं नरसाळं बाजूला ठेवलं. डबा लांबूनच ओतला आणि वरून फुंकर मारली. निम्मं पेट्रोल अंगणात.

"अरे बैला! पेट्रोल सांडलं की लगेच माती टाकायची!"

"बरं मामा."

दुसऱ्या दिवशी कार्बोरेटरच गळायला लागला. गुणवंतानं झाकण काढून आत दोन मुठी माती टाकली. गळती थांबली खरी.

मामानं कपाळ बडवून घेतलं. "आता सगळं परत धू! आणि हा हवेचा स्क्रू बघ. आधी गच्च आवळायचा, मग दीड फेरा सैल सोडायचा. मोजून! तरच गाडी सुखानं चालते."

"बरं मामा."

आणि काय सांगू, गाडी पहिल्या किकला सुरू झाली! मामा हरखला. फेटा बांधून लग्न ठरवायला बहिणीकडं, वरच्या आळीला निघाला. वर्दी द्यायला इंदूलाच सायकलवर पुढं पिटाळलं.

देवळापाशी फटफटीचं पुढचं चाक मामाला सोडून एकटंच निघालं. मामा गटारात.

गुणवंत धावत आला.

"चाकाचा नट ढिला ठेवलास होय रे?" मामा ओरडला.

"ढिला कुठं मामा? आधी गच्च आवळला, मग दीड फेरा सोडला. मोजून! इंदूच्या सायकलचेही तसेच केलेत. तिला कमी का करायचं?"

तेवढ्यात वरच्या आळीच्या उतारावरून सायकलचं चाक गडगडत आलं. त्यामागून इंदू आली. पायी, गुडघे फोडून घेतलेली. हातात पंप होता, आणि तो हवा भरायला नव्हता.

गुणवंतानं डोळे मिटून घेतले. इंदू त्याच्या बाजूनं पुढं होऊन थेट गटारातल्या बापाकडं गेली.